दहा लिटरला किती?

"हलवा! अजून हलवा! अंदर बुडबुडा हाय!"

आमच्या सावली गावातल्या पेट्रोल पंपावर, मे महिन्याच्या भर दुपारी, दिवाकरभाऊ गुरनुले ओरडत होते. डॉक्टर बोरकरांची नवीकोरी पांढरी हायब्रिड गाडी टाकीचं झाकण उघडं टाकून उभी होती, आणि आम्ही चौघं तिला चार कोपऱ्यांना धरून गदागदा हलवत होतो. चौघांतला एक मी, एक खुद्द डॉक्टर. उरलेले दोघं आपल्या मोटरसायकलीत पेट्रोल भरायला आले होते आणि त्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. पण भाऊंनी तीस वर्षं एसटीची बस चालवली आहे. त्यांचा आवाज ऐकून व्याहाडच्या म्हशी आजही रस्त्याच्या कडेला होतात; माणसांची काय कथा.

"हलवा बाप्पा! मास्तर, तुम्ही जेवून आले का नाई? जोर लावा!"

गाडीच्या टाकीतून एक लहानसा "बुडुक" असा आवाज आला. भाऊंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "पाह्यलं? हवा होती. भर रे आता."

पंपवाल्याने नोझल दाबलं, पेट्रोल टाकीच्या काठावर येऊन थरथरलं, आणि तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "भाऊ, आता टाकीत नाई जात. आता माह्या चपलेत जाऊन राह्यलं."

"मंग झालं," भाऊ म्हणाले. "आता हिचा खरा ॲव्हरेज निघन."

ही गाडी भाऊंची नव्हती, हे मी आधीच सांगायला हवं होतं. भाऊंकडे एक मोपेड आहे. ती उतारावर ते बंद करून नेतात, पेट्रोल वाचावं म्हणून. सावलीचा मुलूख म्हणजे धानाच्या बांध्या, ताटासारखा सपाट; इथे उतार म्हणाल तर तलावाच्या पाळीवरून खाली येणारा तेवढा एकच. त्या एका उतारासाठी भाऊ रोज अर्धा किलोमीटर वाकड्या वाटेने घरी येतात. वाकड्या वाटेला किती पेट्रोल जळतं, हा प्रश्न मी त्यांना एकदाच विचारला. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

एसटीत ड्रायव्हरची किंमत दहा लिटर डिझेलमध्ये बस किती किलोमीटर पळवली यावर ठरते. आगारात फळा असतो, त्यावर नावं आणि आकडे. त्या फळ्यावर भाऊ सतत पहिले. त्यांच्या बसला डिझेल लागतच नाही, नुसतं दाखवलं तरी चालते, अशी ख्याती होती. भामरागडकडून परत येताना त्यांच्या टाकीत निघताना होतं त्यापेक्षा जास्त डिझेल सापडलं, असं एक मेकॅनिक मला शपथेवर सांगत होता. मी विश्वास ठेवला, कारण तेव्हा मी त्याच्याकडून स्कूटर दुरुस्त करून घेत होतो.

निवृत्त झाल्यावर फळा गेला. मग भाऊंनी घराच्या कुंपणाच्या भिंतीवर काळा रंग फासला आणि नवा फळा तयार केला. खडू माझ्या शाळेतले. त्यावर दोन रकाने: "पांढरी" आणि "काळी". आकडे अजूनही दहा लिटरचेच. सगळी दुनिया लिटरला वीस-बावीस म्हणते, भाऊ म्हणतात, "दहा लिटरले दोनशे चौदा." कोणी म्हणालं, की भाऊ, सरळ एकवीस म्हणा ना, तर ते त्या माणसाकडे असे पाहतात की जणू त्याने तिकीट काढलेलं नाही.

पांढरी डॉक्टरांची. काळी राईस मिलवाल्या शेठची. दोघांनीही एकाच महिन्यात घेतलेल्या, दोन्ही मधल्या आकाराच्या, दोन्ही उंच, आणि दोन्हींच्या ढुंगणावर चकचकीत अक्षरांत हायब्रिड लिहिलेलं. आमच्याकडे हायब्रिड म्हणजे बियाणं. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने डॉक्टरांना काळजीने विचारलं, "हे हायब्रिड हाय, मंग दरवर्षी नवीन घ्या लागन काय?"

भाऊंनी त्याला समजावलं. गाडीत पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीवरची मोटरही आहे. हळू चाललं तर मोटर ओढते, जोर लागला तर इंजिन. ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरते. "हे झालं पांढरीचं. आता काळीचं हायब्रिड कसं, तं जावयासारखं. निघाच्या वेळेस मागून एक धक्का देते, अन् मंग पाय पसरून बसते. सारं काम इंजिनच करते."

हे शेठपर्यंत पोहोचायला अकरा मिनिटं लागली. शेठ तरातरा आले. "भाऊ, पिकअप पाहा ना माह्या गाडीचा! दाबला की विमान!"

"विमानानं कुठी जाऊन राह्यले तुम्ही? बाजूच्या मूल गावाले?"

"शंभरचा स्पीड कितीक सेकंदात घेते, माहीत हाय?"

"ब्रेकर ते ब्रेकर दोनशे मीटर," भाऊ म्हणाले. "त्यात शंभर घेसाल तं पुढच्या ब्रेकरवर दात मोजा लागन."

तेव्हापासून डॉक्टर आणि शेठ दोघंही आपापल्या गाडीची किल्ली भाऊंच्या हातात देऊ लागले. निकाल आपल्या बाजूने लागावा एवढीच बिचाऱ्यांची इच्छा. कोट्यवधींची मिल चालवणारा माणूस आणि अर्ध्या तालुक्याची नाडी पाहणारा माणूस, दोघंही सकाळी येऊन खडूचे आकडे वाचून जायचे, माझे विद्यार्थी निकाल वाचतात तसे.

भाऊंच्या चाचणीचे नियम ऐका. एक, एसी बंद. दोन, काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा गाडीला मागे ओढतो. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पातळ होतं, कावळे सावलीत पायी चालतात. अशा उन्हात काचा लावून, एसी बंद करून आम्ही मूलपर्यंत जायचो आणि यायचो. पहिल्या फेरीत माझं वजन दोन किलो कमी झालं. डॉक्टरांनी स्वतःलाच सलाईन लावलं, असं गावात बोललं जातं. मी ते नाकारणार नाही.

तीन, गाडीत स्टीलचा पेला, काठोकाठ पाण्याने भरलेला. पाणी सांडलं की फेरी रद्द.

आणि चार, पोतं. तांदळाचं एक पोतं भाऊ प्रत्येक फेरीला गाडीत घालायचे. डिकीत नाही, सीटवर. सीटबेल्ट लावून. आधी त्यांनी ते मागच्या सीटवर डावीकडे बसवलं, मग उजवीकडे, मग मधोमध, आणि प्रत्येक वेळी पेला त्या पोत्याच्या मांडीवर ठेवला. म्हणजे पोत्याला मांडी असती तर जिथे असती तिथे. शेवटी पुढच्या सीटवर पाणी सगळ्यांत कमी हलतं असं सिद्ध झालं, आणि तेव्हापासून पोतं पुढे आणि मी, एम.ए. बी.एड., मागे.

पोतं मिलमध्ये काट्यावर ठेवताना मी आणि डॉक्टर दोघंही होतो. भाऊंनी त्यातून मूठमूठ तांदूळ काढला, चिमूटभर परत टाकला, आणि बरोबर साडेसेहेचाळीस किलोवर तोंड शिवलं.

"पन्नास काऊन नाई, भाऊ?" शेठने विचारलं.

"पॅसेंजर हाय हे. पॅसेंजर काय पन्नासच्या हिशोबात जन्मते?"

काळी गाडी पहिल्याच ब्रेकरनंतर उसळली. पेला शेठच्या विजारीवर. "पिकअप! पिकअप पाहा!" शेठ ओरडत होते. भाऊ म्हणाले, "पिकअप काय चाटू? पाणी सांडलं. पाणी सांडलं म्हंजे पोट सांडलं." मला या वाक्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. भाऊंच्या बऱ्याच वाक्यांचा लागत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

पांढरी मात्र शांत. इतकी शांत, की मूलच्या अलीकडे जंगलात रस्त्यावर वाघ बसला होता, भाऊंनी गाडी मोटरवर घेतली आणि आम्ही त्याच्या शेपटीजवळ जाऊन थांबलो तरी त्याला कळलं नाही. मग तो उठला, पुढच्या टायरचा वास घेतला, आत पाहिलं, बेल्ट लावलेलं पोतं त्याला दिसलं, आणि या लोकांच्या नादी न लागलेलं बरं असं ठरवून तो नाल्यात उतरला. भाऊंनी वाघाकडे पाहिलंच नाही. ते घड्याळाकडे पाहत होते. "इंजन बंद होऊन किती झालं, मास्तर? मोजा नं!"

इथे मला खटकलं. ॲव्हरेज काढायचा तर किलोमीटर मोजायचे. हा माणूस शांतता मोजत होता. इंजिन किती वेळ बंद, किती वेळ चालू, थरथर किती, आत वास येतो का. पेट्रोल भरल्यावर ते गाडीच्या आत डोकं घालून सीटच्या कापडाचा वास घ्यायचे, भाजीवाल्याकडे खरबूज हुंगतात तसा.

आता सुमनबाईंबद्दल सांगतो. सुमनबाई म्हणजे भाऊंची बायको. लहानखुरी, बोलायला मोकळी, आणि एक फसलेली खेप सोडली तर गेली कित्येक वर्षं सावलीच्या बाहेर पाऊल न टाकलेली. कारण ऐकून हसू नका. त्यांना गाडी लागते. लागते म्हणजे तुम्हाआम्हाला घाटात लागते तशी नव्हे. डिझेलचा नुसता वास आला तरी बाई पांढऱ्या पडतात. लग्नानंतर नव्या नवरीला भाऊंनी मोठ्या ऐटीत स्वतःच्या बसमध्ये बसवून आणलं. वैनगंगेच्या पुलापर्यंत बाईंनी लग्नाचं जेवण परत केलं, पुलानंतर हळदीचं, आणि सावली आली तेव्हा बहुतेक बारशाचं. सगळ्या आगारात पहिला असलेल्या ड्रायव्हरच्या बसमध्ये त्याची बायको पुन्हा कधीच चढली नाही.

भाऊ ड्यूटीवरून यायचे तेव्हा खाकी कपडे आमच्या गोठ्यात काढून ठेवायचे, विहिरीवर दोनदा अंघोळ करायचे आणि मग आपल्या घरात शिरायचे. माझ्या लहानपणी आमच्या गायीला डिझेलचा वास यायचा, तो त्यामुळे. मी हे गावभर हसून सांगितलेलं आहे. त्यात तीस वर्षं रोज दोनदा अंघोळ करणारा एक माणूस आहे, हे मात्र मला दिसलं नव्हतं.

सुमनबाईंची मोठी बहीण कौसाबाई धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलातल्या एका गावात राहते. दिवाळीनंतर ती अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि खाटेवरची उठलीच नाही. तिला आणता येत नव्हतं, आणि सुमनबाईंना जाता येत नव्हतं. मधे एकदा कोणाच्या तरी जीपने निघाल्या, तर गडचिरोलीला पोहोचायच्या आतच बेशुद्ध. बहिणीऐवजी दवाखाना पाहून परत आल्या. फोनवर दोघी बोलायच्या. कौसाबाई दर वेळी एकच म्हणायची, "तू येऊन राह्यली न?" आणि सुमनबाई म्हणायच्या, "येऊन राह्यली, बाई." हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण गल्लीला हेही ठाऊक होतं, की दिवाकरभाऊंना ॲव्हरेजचं वेड आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायची बुद्धी गल्लीत कोणालाच झाली नाही, आणि गल्लीत एक मास्तर राहतो.

ती बुद्धी मला झाली डॉक्टरांच्या दवाखान्यात. मी बीपी दाखवायला गेलो होतो. भाऊ सुमनबाईंना मळमळीच्या गोळीसाठी घेऊन आले. डॉक्टरांनी बाईंना काट्यावर उभं केलं. काटा डुलत होता, अजून थांबला नव्हता, आणि भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाले, "साडेसेहेचाळीस."

काटा साडेसेहेचाळीसवर थांबला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे. माझं बीपी त्या क्षणी किती होतं ते कोणी मोजलं नाही.

"कवा जाचं, भाऊ?" डॉक्टरांनी विचारलं आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"कुठी?" भाऊ म्हणाले. आवाज एकदम ड्रायव्हरचा. "माही टेस्ट व्हाची हाय अजून. एक फेरी बाकी हाय. फक्त... पोतं बदलून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली बाहेर. शेठसुद्धा आले, काळ्या गाडीचा पराभव गिळून. सुमनबाईंनी डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता, तोंडात लवंग, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात सात पिशव्या. मोजून सात. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला. भाऊंनी सवयीने पाण्याचा पेला त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "मले तहान नाई लागली."

भाऊंनी पेला उचलून मागे माझ्याकडे दिला. मी तो पुढचे साठ किलोमीटर धरून बसलो होतो.

गाडी निघाली. निघाली हे बाईंना कळलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मिटलेले डोळे उघडले आणि विचारलं, "बंद पडली काय?"

"चालू हाय. बॅटरीवर हाय."

"मंग तुमची बस काऊन नाई चालत होती अशी?"

भाऊंनी एसी लावला. मी मागून दचकलो. मग त्यांनी चारही काचा खाली केल्या. एसी चालू आणि काचाही उघड्या! इतके दिवस ज्या नियमांखाली आम्ही उकडून निघालो, ते दोन्ही नियम गल्लीच्या तोंडाशीच गेले. मी म्हणालो, "भाऊ, वारा गाडीले मागं ओढते नं?"

"ओढू दे."

वीस-तीसच्या वर काटा गेला नाही. व्याहाडजवळ एका सायकलवाल्याने आम्हाला ओव्हरटेक केलं आणि मागे वळून काही अडचण आहे का विचारलं. पुलावर भाऊंनी गाडी थांबवली, बाईंना उतरवून कठड्याशी उभं केलं, गार वारा खाऊ दिला. मग पुढे दर दोन किलोमीटरला थांबा. कुठे झाडाखाली, कुठे तेंदूपानांचे पुडके वाळत घातलेल्या मोकळ्या जागेत, कुठे नुसतंच. भाऊंना मी इतक्या ठिकाणी थांबताना बस चालवतानाही पाहिलं नव्हतं. चढ आला की ते पाय इतका जपून दाबत, की इंजिन जागं झालं तरी कुजबुजत होतं. बाईंनी लिंबू नाकापासून खाली आणलं. गडचिरोलीच्या पुढे त्यांनी लवंग थुंकली. जंगल लागलं तेव्हा त्या बोलायला लागल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. या वळणावर आम्ही मोहफुलं वेचायचो, त्या नाल्यात कौसाबाईने मला ढकललं होतं.

सात पिशव्यांपैकी एक वापरली गेली. ती मी वापरली. एकीकडून एसीची गार झुळूक, दुसरीकडून मे महिन्याची झळ आणि दर दोन किलोमीटरला ब्रेक. माझ्या पोटाने हात टेकले. सुमनबाईंनी मागे वळून आपलं लिंबू मला दिलं आणि म्हणाल्या, "गाडी लागते तं कायले येता, मास्तर?"

कौसाबाईची खाट मांडवाखाली होती. तिने गाडीचा आवाज ऐकला नाही, कारण आवाज नव्हताच. सुमनबाई खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या तरी तिला पत्ता नाही. मग तिने डोळे किलकिले करून पाहिलं, आणि म्हणाली, "आली काय? पायी आली?"

"गाडीनं आली, बाई."

"खोटं बोलते तू," कौसाबाई म्हणाली आणि तिने बहिणीचा पदर नाकाला लावून हुंगला. डिझेलचा वास शोधत होती. सापडला नाही. तिने तो पदर बराच वेळ सोडलाच नाही.

मी भाऊंना शोधायला बाहेर आलो. ते गाडीच्या पुढच्या काचेवरची धूळ पुसत होते. काच स्वच्छ होती. आम्ही दुपार कलेपर्यंत तिथे होतो, आणि तोवर ते तीच काच पुसत राहिले.

परत सावलीत शिरलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर आणि शेठ उभे होते. शेठच्या हातात खडू. भिंतीवर "पांढरी"च्या रकान्यात जागा मोकळी सोडलेली. सुमनबाई आपल्या पायांनी उतरल्या, उरलेल्या सहा पिशव्यांची घडी करून घरात गेल्या, आणि दारातून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा जाचं हाय, कौसीले सांगून आली मी."

डॉक्टरांना धीर निघेना. तेही आता आमच्यातलेच झाले होते. "भाऊ, सांगा नं," ते म्हणाले. "दहा लिटरले किती आला?"

भाऊंनी त्यांच्या हातात किल्ली ठेवली.

"पाह्यलो नाई."